दोनशे चौदा नंबरचं कार्ड

१

ते कार्ड पहिल्यांदा पडलं तेव्हा मी हसलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी शहाणा वाटायला लागलो तर तुम्ही फसणार नाही.

१९७३ चा एप्रिल. नगरच्या एका धर्मादाय छाती-रुग्णालयाच्या मागं, दोन खोल्यांत आमचं नोंदणी कार्यालय होतं. दुष्काळामुळं जिल्हाभर खडी फोडायची कामं निघाली होती. आमची फोटोची गाडी त्या कामांवर जायची, माणसांच्या छातीचे फोटो काढायची, आणि ते बघून डॉक्टर भणगे प्रत्येकावर रिपोर्ट लिहायचे. डॉक्टर हट्टानं मराठीत लिहीत आणि मनाला येईल तसं लिहीत. एकाच रिपोर्टात फुप्फुसं असत, शेजारी सरकारवरचा राग असे, आणि खाली नातवाचा दात पडल्याची बातमीही असे.

या गप्पांची शिस्तशीर माहिती करायची, हे माझं काम. त्यासाठी मी खाचांची कार्डं काढली होती. पोस्टकार्डाहून जरा मोठं, जाड कार्ड. चारी कडांना मिळून साठ भोकं. प्रत्येक भोक म्हणजे एक प्रश्न. सातवं भोक : छातीत क्षयाची पोकळी आहे का? उत्तर 'हो' असेल तर चिमट्यानं भोकाची कड कापून खाच करायची, 'नाही' असेल तर भोक तसंच ठेवायचं. मग गठ्ठ्याच्या सातव्या भोकांतून लांब सुई घालून उचलायची. भोकवाली कार्डं सुईला लटकून राहतात, खाचवाली खाली पडतात. पडली ती आजारी. तीन हजार माणसांतून आजारी निवडायला मला पंधरा मिनिटं लागत. रिपोर्टातलं काय भोकात घ्यायचं आणि काय गाळायचं, तो तक्ता मी, राधाकृष्ण कुलथे, बी.एस्सी., एकट्यानं केला होता. आमचं घराणं सोनाराचं. सोनं ठेवायचं आणि कीट फेकायचं हे माझ्या रक्तात आहे, असं मी लोकांना ऐटीत सांगत असे.

एप्रिलच्या मध्याला एक दिवस विजयमाला एक कार्ड घेऊन आली. कार्डं कातरायचं काम ती करायची. विशीतली मुलगी, बोलणं कमी, हात मात्र घड्याळासारखा.

"सर, हे पडलं. पण हिची छाती साफ आहे."

दोनशे चौदा. मनकर्णा भ्रतार सहादेव, वय बावीस, चिंचतळं खडीकेंद्र. रिपोर्टाप्रमाणं निरोगी, आणि सातव्या भोकाला खाच.

"हात चुकला असेल तुझा. कागदाची पट्टी चिकटव आणि भोक पाड."

तिनं तसं केलं. पुढच्या आठवड्यात सुई उचलली आणि तेच कार्ड पुन्हा खाली आलं. पट्टी कापलेली होती.

"बाईला फार घाई झालेली दिसते," मी म्हणालो आणि हसलो.

विजयमाला हसली नाही. त्या दिवसापासून भर दुपारी खोलीत कुणी नसलं की ती सुईला हात लावायची नाही. कार्डं एकदम पडली की त्यांचा कोरड्या पानांसारखा आवाज होतो. तो आवाज मलाही नकोसा व्हायला लागला होता, पण मी ते कुणाला बोललो नाही.

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा राहिला. हातात आमची चिठ्ठी होती.

"साहेब, ही तुमचीच का?"

मी वाचली. 'मनकर्णा भ्रतार सहादेव. छाती साफ. औषधाची गरज नाही.' खाली माझी सही.

"आमचीच. तुम्ही कोण?"

"मी सहादेव. तिचा मालक."

"मग बाई कुठं आहेत?"

"पाडव्याच्या आदल्या दिशी गेली. तोंडातनं रगत पडत हुतं म्हनं. मी तिकडं राहात्याकडं उसावर गेल्तो. मला तिसऱ्या दिशी कळलं." तो चिठ्ठीकडं बघत बोलत होता. "भांडाया न्हाई आलो, साहेब. चारला दवाखान्यात भेटाया सोडत्यात, तवर म्हनलं इचारून घ्यावं. छाती साफ हुती, मंग ती मेली कशानं?"

आतल्या खोलीत विजयमालाचा चिमटा थांबला. मी मनात दिवस मोजले. ते कार्ड पहिल्यांदा पडलं, त्याच्या आठ-दहा दिवस आधीच ती बाई मेलेली होती.

२

सहादेवला व्हरांड्यातल्या बाकावर बसवून मी डॉक्टरांकडं गेलो. चारला तो कुणाला भेटणार आहे, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

डॉक्टर भणगे अडुसष्ट वर्षांचे. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागलेला, आणि त्याबद्दल कुणी बोललं की ते खवळायचे. सगळं ऐकून घेतल्यावर मात्र ते खवळले नाहीत. तेच मला जास्त भीतिदायक वाटलं.

"फिल्म कुठं आहे तिची?"

"सगळ्या फिल्मा मार्चमध्ये पुण्याला तपासणीला गेल्या."

"मग तीनच शक्यता. मी फोटो चुकीचा वाचला. किंवा त्या मुलीनं कार्ड चुकीचं कातरलं. किंवा तो फोटो मुळात त्या बाईचा नव्हताच." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तिसरं असेल तर काय होतं, कळतंय का तुम्हाला, कुलथे? मनकर्णाचा खरा फोटो दुसऱ्याच कुणाच्या नावावर चढला. ती दुसरी बाई धडधाकट आहे, आणि तुमच्या कार्डावर विसंबून मी तिला वॉर्डात घातली आहे. फेब्रुवारीपासून ती रोज चार वाजता क्षयाच्या इंजेक्शनची सुई घेते. ही सुई कानांना वाईट. आजारी माणसाला मी ती डोळ्यांत तेल घालून देतो, कारण तिथं जीव वाचवायचा असतो. निरोगी माणसाचे कान मी कशासाठी घालवतोय? गेलेले कान परत येत नाहीत."

"मग आजची सुई सगळ्यांचीच थांबवू या."

"चिंचतळ्याच्या नऊ बायका आहेत वॉर्डात. आठ खरोखरच्या आजारी. त्यांचं औषध मी नुसत्या शंकेवर तोडणार नाही. नवे फोटो काढावेत, तर यंत्र गाडीतलं एकच आणि गाडीचा जनरेटर गॅरेजात खोलून ठेवलाय. चार वाजायच्या आत नाव आणून द्या."

मी उठलो. दाराशी पोचलो तेव्हा ते म्हणाले, "आणि ती कातरणारी मुलगी. माझं मत विचाराल तर चूक तिचीच असणार. सोमवारपासून येऊ नको म्हणा तिला."

पडलेलं कार्ड हात चुकल्याचं लक्षण आहे, असं मीच तर पंधरा दिवस म्हणत होतो. ते आता खोडून काढायला माझी जीभ उचलेना.

३

विजयमालानं टेबलावर दोन कार्डं शेजारी शेजारी मांडून ठेवली होती. माझी वाटच बघत होती.

"सर, डॉक्टरांना मी चुकले असं वाटतंय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या तोंडावर दिसतंय." तिनं एक कार्ड पुढं सरकवलं. "हे मी कातरलेलं. चिमट्याची खाच बघा, टोकदार पडते. कुठलंही कार्ड काढा, अशीच असेल. आणि हे दोनशे चौदा."

मी उजेडात धरलं. तीन महिने मी या कार्डांवर जेवलो-झोपलो होतो आणि मला हे दिसलं नव्हतं. सातव्या भोकाची खाच टोकदार नव्हती. तिच्या कडा नखासारख्या गोल होत्या.

"पट्टी लावल्यावर दुसऱ्यांदा कापली तीही गोलच," ती म्हणाली. "हे माझं काम नाही, सर. आणि..." ती अडखळली. "मेलेल्या माणसाला हत्यार लागत नाही. हे कुणीतरी हत्यारानं कापलंय."

"मग आधी का बोलली नाहीस?"

"तुम्ही हसत होता."

मी खाच निरखत राहिलो. आमच्या आवारात गोल कड कापणारं हत्यार एकच होतं. फिल्म धुऊन झाली की तिचे कोपरे टोचू नयेत म्हणून गोल करायचं छोटं यंत्र. ते अंधाऱ्या खोलीत होतं, आणि अंधाऱ्या खोलीची किल्ली एकाच माणसाकडं होती.

"सर," मी निघालो तशी विजयमाला म्हणाली, "चिंचतळ्याच्याच एका रिपोर्टाबद्दल मी तुम्हाला फेब्रुवारीत विचारलं होतं. तुम्हाला आठवत असेल तर..."

"नंतर," मी म्हणालो. दुपारचा एक वाजून गेला होता.

४

गोरक्षनाथ सोनईचा. गाडीवर फोटो काढायचं आणि परत आल्यावर फिल्मा धुवायचं काम तो करायचा. मी अंधाऱ्या खोलीत शिरलो तेव्हा तो तांबड्या दिव्याखाली नुसता बसला होता. धुवायला फिल्म एकही नव्हती. औषधाचा आंबूस वास, आणि तारेवर लटकणारे रिकामे चिमटे. त्या खोलीत मला नेहमीच कुणीतरी आधीपासून उभं असल्यासारखं वाटतं. त्या दिवशी जास्त वाटलं.

मी कार्ड त्याच्या पुढ्यात ठेवलं. काही विचारलं नाही.

तो कार्डाकडं बघत म्हणाला, "दोनदा कापावं लागलं, साहेब. पहिल्यांदा तुमी पट्टी लावून टाकली."

"का कापलंस?"

"तोंडानं सांगायची छाती झाली न्हाई म्हनून." त्यानं डोळे पुसले. "गेल्या पंधरवड्यात गाडी चिंचतळ्यावरून गेली. पानी प्यायला थांबलो तर बाया म्हनल्या, मनकर्णा रगत ओकून मेली. सहा म्हैन्यांचं लेकरू टाकून. दोनशे चौदा माझ्या ध्यानात हुता. त्या नंबरावर जिचा फोटो काढला ती बावीस वर्साची पोर नव्हती. चाळिशीच्या पुढची बाई हुती, लंगडत आलेली. मी नाव इचारलं. ती म्हनली, मनकर्णा."

"आणि तू फोटो काढलास."

"तीनशे चाळीस मानसं हुती त्या दिशी. डिझेल संपत आलेलं. आन् तिथली रीतच तशी हाय, साहेब. दर बाईच्या कंबरेला पत्र्याचा बिल्ला. मुकादम तोंड बघत न्हाई, बिल्ला बघतो. अंगावर पाजणारी बाई असंल तर तिच्या बिल्ल्यावर सावलीतलं हलकं काम. एखादीच्या पायावर दगड पडला, एखादीला ताप आला, तर बाया आपसात बिल्ले बदलून घेत्यात. हिचं तिनं, तिचं हिनं. सगळ्यांना ठावं असतं. मुकादमाला कळलं तर दोघींचीबी नावं कमी. तो तिथंच उभा हुता. मी बोललो असतो तर त्या दोघी उपाशी मेल्या असत्या."

"माणूस ओळखून फोटो काढला, अशी सही कुणाची असते?"

"माझीच," तो म्हणाला. "म्हनून तर बोललो न्हाई. म्हनलं कार्डच बोलू दे."

मला त्याला मारावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याची कीवही आली. डॉक्टरांची तिसरी शक्यता खरी ठरली होती.

"दुसरी बाई कोण? मनकर्णा कुणाच्या बिल्ल्यावर उभी राहिली?"

"ते न्हाई सांगता येत. तोंडं कोन बघतं, साहेब? समदे एकामागं एक पाठमोरे उभे ऱ्हात्यात. तुमच्या कार्डांनाच इचारा की."

५

कार्डांना विचारलं. चिंचतळ्याच्या बायकांचा गठ्ठा घेतला, सातव्या भोकातून सुई घातली, उचलली. नऊ बायकांची कार्डं पडली, आणि त्यांच्यावर दोनशे चौदा.

दोनशे चौदा बाजूला ठेवलं. उरलेल्या नऊ जणींपैकी एक निरोगी होती. मी ती नऊ कार्डं उलटी केली, सुलटी केली, एकमेकांवर ठेवून उजेडात धरली. सगळ्यांची सातवी खाच एकाच जागी, एकाच मापाची. स्त्री, पोकळी, उजवी बाजू, वरचा भाग. माझ्या तक्त्यानं त्या नऊ बायका इतक्या सारख्या करून टाकल्या होत्या की, त्यांच्यातली एक वेगळी आहे हे ओळखायला एकही जागा शिल्लक नव्हती. घड्याळात तीन वाजायला आले होते.

"सर, रिपोर्टाचे कागद," विजयमाला दारातून म्हणाली.

डॉक्टरांनी हातानं लिहिलेले ते सगळे कागद मी दोरीनं बांधून माळ्यावर टाकले होते. कार्डं झाली, आता यांचं काय काम, म्हणून. शिडी लावून गठ्ठा खाली काढला. धुळीनं दोघंही खोकायला लागलो, आणि खोकता खोकता एकमेकांकडं बघून गप्प झालो.

आधी दोनशे चौदाचा कागद काढला. डॉक्टरांचं अक्षर :

'दोन्ही फुप्फुसे स्वच्छ. अखेर एक तरी बाई शहाणी निघाली! गळ्यात काही न घालता आली आहे. हिला बक्षीस द्या.'

मी तो कागद दोनदा वाचला आणि खाली बसलो.

डॉक्टरांचं हे रोजचं रडगाणं होतं. डोरल्याच्या, म्हणजे मंगळसूत्राच्या, दोन वाट्या फोटोत पांढऱ्या फटक उमटतात आणि फुप्फुस झाकतात. बायकांना डोरलं काढायला सांगितलं तर एकही काढत नाही. नवरा जिवंत असताना आमच्याकडची बाई ते उतरवणार नाही, तिथं फोटोवाला सांगो की देव सांगो. फार तर दातात धरते, नाहीतर पाठीवर टाकते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर डोरली ओवली. ज्या घरात मी वाढलो त्या घरातल्या लहान पोरालाही हे कळलं असतं. फोटोतला तो मोकळा गळा शहाण्या बाईचा नव्हता, विधवेचा होता.

"हजेरीपट आण."

हजेरीत बाईच्या नावापुढं तिच्या भ्रताराचं नाव असतं, आणि तो गेलेला असेल तर आधी 'कै.' असतं. नऊ नावांवरून बोट फिरवलं. तिघींपुढं 'कै.' होतं. तिघींचे कागद काढले. पहिल्या दोघींच्या रिपोर्टात नुसती फुप्फुसं होती, गळ्याचं अक्षरही नव्हतं.

तिसरा कागद. दोनशे साठ. छबूबाई भ्रतार कै. आसाराम, वय पंचेचाळीस :

'उजवीकडे वर मोठी पोकळी, डावीकडेही सुरुवात. हाडे पंचेचाळिशीची वाटत नाहीत, कोवळी आहेत. डोरल्याच्या दोन्ही वाट्या नेमक्या पोकळीवर आल्या आहेत. शंभरदा सांगितले, दातात धरायला सांगा. पुन्हा फोटो घ्यावा.'

विधवेच्या गळ्यात डोरलं. छबूबाईच्या बिल्ल्यावर जी उभी राहिली ती मनकर्णा होती. सगळं तिथं लिहिलेलं होतं. वय, गळा, पुन्हा फोटो घ्या, सगळं. डॉक्टर चुकले नव्हते, विजयमाला चुकली नव्हती. गोरक्षनाथनं मान फिरवली होती खरी, पण तरीही हा कागद जानेवारीपासून ओरडून सांगत होता. मग तो कुणी ऐकला नाही?

तेही कागदावर होतं. समासात पेन्सिलीनं विजयमालाचं बारीक अक्षर : 'सर, हजेरीत विधवा आहे. डोरले कसे?' आणि त्याच्याखाली शाईनं, ऐटदार वळणात : 'त्याला भोक नाही. सोडून द्या. रा. कु.'

मी वर बघितलं नाही. विजयमाला शेजारी उभी होती हे मला कळत होतं. तिला हे सकाळपासून माहीत होतं, फेब्रुवारीपासून माहीत होतं. चूक आपल्यावर ढकलली जातेय हे दिसत असतानाही तिनं हा कागद माझ्या तोंडावर मारला नव्हता.

"सर, पावणेचार झालेत," ती म्हणाली.

समास फाडायला अर्धं मिनिट लागलं असतं. माझी बोटं त्या कोपऱ्यावर होती, हे मी लपवत नाही. मग दवाखान्याची घंटा झाली आणि मी कागद तसाच घेऊन पळत सुटलो.

६

वॉर्डाच्या दाराशी मालनबाई सुयांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. तीस वर्षं याच वॉर्डात काढलेली नर्स.

"छबूबाईची सुई थांबवा," मी धापा टाकत म्हणालो. "डॉक्टरांना मी सांगतो. ती आजारी नाही."

मालनबाईंनी ट्रे खाली ठेवला. "कुलथेभाऊ, हे मी दोन महिने म्हणतेय. खोकला नाही, ताप नाही, तीनदा थुंकी तपासली तर जंतू नाहीत. पण कार्ड म्हणतंय पोकळी आहे, म्हणून सुई. आता उशीर झालाय हो. पंधरा दिवस झाले, हाक मारली तरी ती वळून बघत नाही. आम्हाला वाटलं रुसली. मग कळलं. कानात सारखा आवाज येतो म्हणते. आमच्या कुणाचा आवाज ऐकू येत नाही, आणि रोज दुपारी उठून बसते. म्हणते, मनकर्णा खोकतीय, कुनीतरी बघा."

माझ्या मागून सहादेव आत आला होता. त्याला चारला आत सोडलं होतं, आणि तो सरळ खिडकीजवळच्या त्याच खाटेकडं निघाला. ती त्याची वहिनी होती. आसाराम त्याचा थोरला भाऊ. सकाळी एक वाक्य विचारलं असतं तर मला हे पाच तास आधी कळलं असतं.

छबूबाईचं तोंड त्याला बघून उजळलं. बहिऱ्या माणसाच्या चढ्या आवाजात ती बोलायला लागली. सगळा वॉर्ड ऐकत होता.

"आलास का? लई दिस लावलंस. मनकर्णा का न्हाई आली? लेकरू कसं हाय?"

सहादेव काही बोलायच्या आत तिनं उशीखालून फडक्याची पुरचुंडी काढली आणि त्याच्या हातात कोंबली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या. शंभराच्या वर असतील.

"ह्या तिला दे. सकाळी दोन, सांजंला दोन. मी निम्म्या गिळल्याच न्हाईत. त्या सुया काय बांधून ठेवता येत न्हाईत, पर गोळ्या ठिवल्या. मला ठावं हुतं, खोकत तर ती हुती. माझ्या पायावर दगुड पडला तवा तिनंच तिचा बिल्ला मला दिला, म्हनली, बाई, तुमी सावलीत बसा. त्याच दिशी ती फोटूची गाडी आली. चिठ्ठी आली माझ्या नावाची. सांगितलं असतं तर दोघींची नावं कमी झाली असती. लेकरानं काय खाल्लं असतं?" ती दम घ्यायला थांबली. "म्हनलं, आपन जावं, गोळ्या आनाव्यात."

सहादेव काही बोलला असता तरी तिला ऐकू आलं नसतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. दहाव्याला उतरवलेल्या डोक्यावर दोन आठवड्यांचे बारीक केस उगवले होते.

छबूबाई त्या डोक्याकडं बघत राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई रडायला लागली. छबूबाई रडली नाही. तिनं सहादेवच्या हातातली पुरचुंडी परत घेतली, मांडीवर ठेवली, गाठ सोडली, पुन्हा बांधली. मग तिची नजर माझ्यावर आली. माझ्या हातातला कागद बघून मी कुणीतरी साहेब आहे एवढं तिला कळलं असावं.

"साहेब, आजारी ती हुती," ती म्हणाली. "मंग मला कशापाय टोचत हुते?"

"कार्डात चूक झाली," मी म्हणालो.

"ऐकू येत न्हाई. मोठ्यानं बोला."

दारात डॉक्टर भणगे येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागं विजयमाला, आणि तिच्याही मागं गोरक्षनाथ. वीस खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या.

"चूक झाली!" मी मोठ्यानं म्हणालो.

तिनं कानामागं हात धरला आणि माझ्या ओठांकडं बघितलं. "कुनाची?"

"माझी."

"मोठ्यानं."

"माझी! माझी चूक!" मी ओरडलो. आयुष्यात मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नसेन. "मला विचारलं होतं! मी सोडून द्या म्हणालो! माझी चूक!"

खिडकीची काच हलली असं मालनबाई पुढं कितीतरी दिवस सांगत. मी किती वेळा ओरडलो ते मला आठवत नाही. माझा घसा बसला तेव्हा छबूबाईनं कानामागचा हात खाली घेतला.

"आलं ऐकू," ती म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.